रेणू-ऑर्बिटल्सची आकृती पाठ न करता कशी काढावी: हायड्रोजनपासून कार्बन मोनॉक्साइडपर्यंत

एम.एस्सी.च्या प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीने तीन प्रश्न एकत्र विचारले आहेत. नायट्रोजनच्या रेणूत पाय-२पी ही पातळी सिग्मा-२पीच्या खाली आणि ऑक्सिजनच्या रेणूत मात्र तिच्या वर का असते? (सिग्मा म्हणजे दोन अणूंना जोडणाऱ्या रेषेभोवती सारखी पसरलेली पातळी, पाय म्हणजे त्या रेषेच्या दोन बाजूंना पाकळ्या असलेली.) हे दोन क्रम पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही का? आणि कार्बन मोनॉक्साइडच्या धन आयनाची बाँड ऑर्डर (बंधकारक आणि बंधविरोधी इलेक्ट्रॉनांच्या संख्यांतील फरकाचा निम्मा) एका पुस्तकात २.५ आणि दुसऱ्यात ३.५ दिलेली असेल, तर खरी कोणती मानावी? मी गेली अनेक वर्षे पदवी आणि पदव्युत्तर वर्गांना हा विषय शिकवत आलो आहे आणि माझ्या अनुभवाने तिन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे. आकृती विद्यार्थ्याच्या हाती तयार चित्र म्हणून येते. ती कशातून निघाली हे त्याला कोणी दाखवत नाही. म्हणून आपण आधी आकृती काढू. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे वाटेतच मिळतील, तिसऱ्यासाठी मात्र शेवटपर्यंत थांबावे लागेल, कारण त्याला लागणारी सामग्री सर्वांत जास्त आहे.

सुरुवात हायड्रोजनपासून करावी, आणि विद्यार्थी ज्या घाईने हायड्रोजन उरकतात त्या घाईने तो उरकू नये. दोन अणूंची दोन १एस ऑर्बिटल्स, म्हणजे इलेक्ट्रॉनाच्या वावराचे वर्णन करणारी तरंगफले, घेतली की त्यांपासून दोनच रेणू-ऑर्बिटल्स मिळतात, एक बेरजेने आणि एक वजाबाकीने. ही बेरीज-वजाबाकी इलेक्ट्रॉनांची नसून तरंगफलांची आहे, हे वहीच्या समासात लिहून ठेवण्याइतके महत्त्वाचे आहे. बेरजेत दोन अणुकेंद्रकांच्या मधल्या जागेत दोन्ही तरंगफलांची चिन्हे सारखी असतात, त्यामुळे वर्ग केल्यावर तिथली इलेक्ट्रॉन-घनता सुट्या दोन अणूंच्या घनतांच्या बेरजेपेक्षा अधिक भरते. हे बंधकारक ऑर्बिटल. वजाबाकीत बरोबर मधोमध तरंगफल शून्य होते, तिथे एक नोडल प्रतल तयार होते आणि इलेक्ट्रॉन दोन्ही केंद्रकांच्या बाहेरच्या अंगाला ढकलला जातो. हे बंधविरोधी ऑर्बिटल, ज्याला आपण वर्गात ‘स्टार’ लावून दाखवतो.

आता एक बारकावा, जो पुढे सतत उपयोगी पडतो. आकृतीत बंधकारक पातळी जितकी खाली काढली तितकीच बंधविरोधी वर काढण्याची सवय सर्वांना असते, परंतु प्रत्यक्षात वरची पातळी अधिक वर जाते. गणितात पाहिले तर दोन्ही पातळ्यांच्या सरकण्याचा अंश एकच असतो, पण खालच्या पातळीसाठी छेद (१ + ओव्हरलॅप) आणि वरच्या पातळीसाठी (१ − ओव्हरलॅप) असतो. ओव्हरलॅप म्हणजे दोन ऑर्बिटल्स एकमेकांवर किती पडतात त्याचे माप. हायड्रोजनमध्ये ७४ पिकोमीटर अंतरावर दोन १एस ऑर्बिटल्सचा ओव्हरलॅप सुमारे ०.७५ भरतो, म्हणजे एक छेद १.७५ आणि दुसरा ०.२५. इतक्या साध्या नमुन्यातून नेमकी ऊर्जा काढू नये, पण दिशा बरोबर कळते. हेलियमचे दोन अणू जवळ आणले की चार इलेक्ट्रॉनांपैकी दोन खालच्या आणि दोन वरच्या पातळीत जातात आणि जमेपेक्षा खर्च अधिक होतो; हेलियमचा नेहमीसारखा सहसंयुज रेणू बनत नाही, त्याचे कारण ‘बाँड ऑर्डर शून्य’ एवढेच नसून हा तोट्याचा व्यवहार आहे. उलट हायड्रोजनच्या रेणू-आयनात एकच इलेक्ट्रॉन आहे, तरीही बंध आहे: लांबी १०६ पिकोमीटर, विघटन-ऊर्जा २.६५ इलेक्ट्रॉनव्होल्ट. दुसरा इलेक्ट्रॉन त्याच ऑर्बिटलमध्ये बसवला की लांबी ७४ पिकोमीटर आणि ऊर्जा ४.४८ इलेक्ट्रॉनव्होल्ट होते. ती पूर्ण दुप्पट होत नाही, कारण आता दोन इलेक्ट्रॉन एकमेकांनाही दूर लोटतात.

याच्या पुढे गेल्यावर कोणते अणू-ऑर्बिटल कोणाशी जुळवायचे हा प्रश्न येतो आणि त्याचा निवाडा सममितीपासून सुरू होतो. दोन अणूंना जोडणारी रेषा आपण झेड-अक्ष मानतो. एका अणूचे एस ऑर्बिटल आणि दुसऱ्याचे आडवे पी-एक्स ऑर्बिटल समोरासमोर ठेवले, तर पी-एक्सच्या वरच्या धन पाकळीशी जेवढा ओव्हरलॅप होतो तेवढाच खालच्या ऋण पाकळीशी उलट चिन्हाने होतो आणि बेरीज काटेकोर शून्य येते. ऊर्जा कितीही जवळची असली तरी ही जोडी कधीच जमत नाही. सममितीचा नकार हा अंतिम असतो. सममितीने होकार दिला की मग ऊर्जा पाहायची. दोन पातळ्यांतील अंतर ओव्हरलॅपमधून येणाऱ्या परस्परक्रियेच्या मानाने मोठे असेल, तर खालच्या पातळीला मिळणारा लाभ ढोबळमानाने परस्परक्रियेचा वर्ग भागिले ऊर्जेचे अंतर एवढाच उरतो. म्हणजे अंतर दुप्पट झाले की लाभ निम्मा. सममिती दरवाजा उघडते किंवा बंद करते, आणि उघडल्यावर किती देवाणघेवाण होईल हे ऊर्जा आणि ओव्हरलॅप मिळून ठरवतात.

इथे चिन्हांचा एक सापळा आहे, ज्यात दरवर्षी निम्मा वर्ग अडकतो. दोन्ही अणूंच्या पी-झेड ऑर्बिटल्सची धन पाकळी उजवीकडे काढली, तर त्यांची ‘बेरीज’ बंधविरोधी ठरते, कारण मधल्या जागेत एकाची धन आणि दुसऱ्याची ऋण पाकळी समोरासमोर येते. बंधकारक जोडी तिथे वजाबाकीने मिळते. त्यामुळे ‘बेरीज म्हणजे बंधकारक’ असे पाठ न करता, मधल्या जागेत चिन्हे जुळतात का एवढेच पाहावे. मी फळ्यावर धन पाकळीला पिवळा आणि ऋण पाकळीला पांढरा खडू वापरतो. पिवळ्याला पिवळा भिडला की वाद मिटतो.

आता आलेख-कागद घ्या. हा माझा खास आग्रह आहे. पातळ्या अंदाजाने न काढता मापाने काढल्या, तर अर्धे प्रश्न आपोआप सुटतात. एक सेंटिमीटरला पाच इलेक्ट्रॉनव्होल्ट हे माप सोयीचे पडते. दुसऱ्या आवर्तातील संयुजा (म्हणजे सर्वांत बाहेरच्या कवचातील) ऑर्बिटल्सच्या ऊर्जा पुढीलप्रमाणे घ्याव्यात. पुस्तकागणिक दशांश थोडे बदलतात, पण क्रम बदलत नाही. बोरॉनचे २एस उणे १४.०, २पी उणे ८.३, कार्बनचे उणे १९.४ आणि उणे १०.७, नायट्रोजनचे उणे २५.६ आणि उणे १३.२, ऑक्सिजनचे उणे ३२.४ आणि उणे १५.९; फ्लोरिनचे सुमारे उणे ४० आणि उणे १८.७, सर्व इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये. हायड्रोजनचे १एस उणे १३.६. आतल्या कवचातील १एस आकृतीत का घेत नाहीत, हेही मापानेच कळते: नायट्रोजनच्या १एस इलेक्ट्रॉनाची बंधनऊर्जा सुमारे ४१० इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे, म्हणजे आपल्या मापाने ती रेघ शून्यापासून ८२ सेंटिमीटर खाली, बाकाच्याही खाली जाईल. शिवाय ती ऑर्बिटल्स केंद्रकाला इतकी बिलगलेली असतात की शेजारच्या अणूपर्यंत त्यांचा ओव्हरलॅप पोहोचतच नाही.

या आकड्यांत पाहण्यासारखी गोष्ट एकेका पातळीची उंची नसून एकाच अणूतील २एस आणि २पी यांच्यातील दरी आहे. बोरॉनमध्ये ती ५.७ आहे, कार्बनमध्ये ८.७, नायट्रोजनमध्ये १२.४, ऑक्सिजनमध्ये १६.५ आणि फ्लोरिनमध्ये २१ च्या पुढे. अणुअंक वाढतो तशी ही दरी रुंदावत जाते, कारण २एस इलेक्ट्रॉन केंद्रकाजवळ अधिक वावरतो आणि वाढत्या धनप्रभाराचा ओढा त्याला २पीपेक्षा जास्त जाणवतो. पहिल्या प्रश्नाचे सगळे उत्तर या पाच आकड्यांत आहे.

नायट्रोजन घ्या. डावीकडे एका अणूच्या आणि उजवीकडे दुसऱ्याच्या पातळ्या काढा. दोन्ही बाजू अर्थात सारख्याच येतील. पहिल्या फेरीत २एसची जोडी २एसशी, २पी-झेडची २पी-झेडशी आणि उरलेल्या दोन आडव्या २पींची त्यांच्या समोरच्या जोडीदारांशी लावा. सिग्मा-२एस आणि सिग्मा-स्टार-२एस, सिग्मा-२पी आणि सिग्मा-स्टार-२पी, तसेच पाय-२पीच्या दोन आणि पाय-स्टारच्या दोन, अशा आठ पातळ्या मिळतात. आठ अणू-ऑर्बिटल्स घेतली होती, आठ परत आली. हा हिशेब दर वेळी जुळवून पाहावा. समोरासमोर भिडणाऱ्या पी-झेडचा ओव्हरलॅप बाजूने टेकणाऱ्या आडव्या पींच्या ओव्हरलॅपपेक्षा सामान्यतः मोठा असतो, म्हणून या पहिल्या फेरीत सिग्मा-२पी पाय-२पीच्या खाली येते. बहुतेक पुस्तके इथेच थांबतात आणि नायट्रोजनचा ‘अपवाद’ म्हणून वेगळा क्रम छापतात. तो अपवाद नाही. आपले काम अर्धेच झाले आहे.

दुसरी फेरी अशी. सिग्मा-२एस आणि सिग्मा-२पी या दोन्हींची सममिती तंतोतंत एकच आहे: दोन्ही अक्षाभोवती गोलाकार आणि दोन्ही रेणूच्या मध्यबिंदूतून उलटवल्यावर चिन्ह न बदलणाऱ्या. एकाच सममितीच्या दोन पातळ्या आपापल्या जागी निवांत बसू शकत नाहीत. त्या एकमेकींत मिसळतात, खालची आणखी खाली जाते आणि वरची आणखी वर. तेच सिग्मा-स्टार-२एस आणि सिग्मा-स्टार-२पी यांचे होते. पाय-२पी मात्र जागची हलत नाही, कारण २एसपासून पाय सममितीचे काहीच बनत नाही आणि तिला मिसळायला कोणी सोबतीच नाही. म्हणजे एक पातळी स्थिर आणि दुसरी वर सरकणारी. किती सरकणार हे दरीवर अवलंबून. बोरॉन, कार्बन आणि नायट्रोजनमध्ये दरी लहान असल्याने सिग्मा-२पी इतकी वर जाते की ती पाय-२पीला ओलांडते. ऑक्सिजनमध्ये दरी १६.५ झाल्यावर मिसळणे कमी पडते आणि पहिल्या फेरीचाच क्रम टिकतो. नायट्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये कोणताही नियम उलटत नाही. हळूहळू कमी होत जाणारी एक परस्परक्रिया त्या दोघांच्या मध्ये कुठेतरी पुरेनाशी होते.

मिसळण्याचा दुसरा परिणाम क्रमापेक्षा महत्त्वाचा आहे, आणि तिसऱ्या प्रश्नासाठी तो लक्षात ठेवावा लागेल. मिसळल्यानंतर ‘सिग्मा-२पी’ हे नाव खरे राहत नाही. वर सरकलेल्या या पातळीत २एसचा अंश अशा चिन्हाने येतो की दोन अणूंच्या मधली घनता कमी होते आणि बाहेरच्या अंगाची वाढते. ती बंधकारक राहते, पण दुबळी. नायट्रोजनच्या दोन टोकांना आपण जे एकाकी इलेक्ट्रॉन-युग्म काढतो, त्याचा मोठा भाग या पातळीत आहे. तिकडे सिग्मा-स्टार-२एस खाली सरकते आणि तिचा बंधविरोधी स्वभाव बोथट होतो. बंधकारक आणि बंधविरोधी हे दोन कप्पे नसून एक सलग पट्टी आहे आणि पातळ्या त्या पट्टीवर कुठेही असू शकतात.

हे सारे कागदावरचे तर्कट नाही, याचा पुरावा काय? ज्याच्यासाठी हा सिद्धांत प्रथम गाजला तो ऑक्सिजन सर्वांच्या परिचयाचा आहे. जेम्स ड्यूअर यांनी १८९१ मध्ये द्रवरूप ऑक्सिजन चुंबकाकडे ओढला जातो हे दाखवले होते. सगळे इलेक्ट्रॉन जोडीने मांडणाऱ्या साध्या दुहेरी बंधाच्या चित्रात याला उत्तर नव्हते. हुंड आणि मलिकन यांनी १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही पद्धत उभी केली आणि १९२९ मध्ये लेनर्ड-जोन्स यांनी अणू-ऑर्बिटल्सची जुळणी करून दाखवले की शेवटचे दोन इलेक्ट्रॉन सारख्या ऊर्जेच्या दोन पाय-स्टार पातळ्यांत एकेकटे बसतात. मलिकन यांना १९६६ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. मात्र लक्षात घ्या, ऑक्सिजनचे चुंबकत्व सिग्मा आणि पाय यांचा आपापसातील क्रम ठरवत नाही. दोन्ही क्रमांत पाय-स्टारमध्ये दोनच इलेक्ट्रॉन राहतात. क्रमाची परीक्षा बोरॉनच्या द्विअणू रेणूत होते. तिथे सिग्मा-स्टार-२एस भरल्यावर दोनच इलेक्ट्रॉन उरतात. सिग्मा-२पी खाली असती तर ते तिथे जोडीने बसले असते आणि रेणू चुंबकाला दाद देणारा नसता. प्रत्यक्षात बोरॉन-रेणूत दोन एकेकटे इलेक्ट्रॉन आहेत. म्हणजे पाय खाली आहे. परीक्षेत ऑक्सिजन विचारतात आणि बोरॉन सोडून देतात, हे मला नेहमी खटकत आले आहे.

नायट्रोजनची थेट साक्ष फोटोइलेक्ट्रॉन वर्णपट देतो. हेलियमच्या दिव्याचा २१.२२ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा प्रकाश वायूवर सोडायचा, बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनाची गतिज ऊर्जा मोजायची आणि वजाबाकी करायची. उरते ती त्या पातळीतून इलेक्ट्रॉन काढण्याची ऊर्जा. नायट्रोजनमध्ये तीन पट्टे दिसतात: १५.६, १६.७ आणि १८.८ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास. पट्ट्याच्या जागेपेक्षा त्याची बारीक रचना अधिक बोलकी असते, कारण तिच्यावरून मागे राहिलेल्या आयनाची कंपनसंख्या कळते. मूळ रेणूची कंपनसंख्या २३३० प्रति सेंटिमीटर. पहिल्या पट्ट्यानंतरच्या आयनात ती २२०० च्या जवळ राहते, म्हणजे गेलेला इलेक्ट्रॉन बंधाला फारसा जोर देत नव्हता. दुसऱ्या पट्ट्यात ती १९०० पर्यंत घसरते आणि पट्टा अनेक रेषांचा लांबलचक होतो. इथे गेला तो खरा बंधकारक पाय इलेक्ट्रॉन. तिसऱ्यात ती २४०० च्या घरात, मूळ रेणूपेक्षाही किंचित जास्त. हा सौम्य बंधविरोधी सिग्मा-स्टार-२एस. वर सरकलेली दुबळी सिग्मा, जागची न हललेली पाय आणि बोथट झालेली सिग्मा-स्टार: दुसऱ्या फेरीत आपण जे म्हटले ते तिन्ही पट्ट्यांत जसेच्या तसे उमटलेले आहे.

जाता जाता संगणकावर विसंबणाऱ्यांना एक सूचना. नायट्रोजनवर हार्ट्री-फॉक पद्धतीची चांगली आकडेमोड केली, तर ती पाय पातळीला सिग्माच्या वर ठेवते, म्हणजे पहिला इलेक्ट्रॉन पायमधून जाईल असे सांगते, आणि हे वर्णपटाच्या विरुद्ध आहे. कारण त्या पद्धतीत इलेक्ट्रॉनांचे एकमेकांना चुकवत फिरणे आणि इलेक्ट्रॉन गेल्यावर उरलेल्यांचे सावरून बसणे हिशेबात येत नाही. दोन पातळ्या एक-सव्वा इलेक्ट्रॉनव्होल्टच्या अंतरात असतील, तर क्रमावर पैज लावण्याआधी प्रयोग पाहावा.

वेगवेगळ्या अणूंकडे वळताना हायड्रोजन फ्लोराइड ही सोपी पायरी आहे. हायड्रोजनचे १एस उणे १३.६ वर, फ्लोरिनचे २पी उणे १८.७ वर आणि २एस पार उणे ४० वर. अंतर पाहिले की २एस जवळजवळ बाजूला पडते, १एसची जुळणी मुख्यतः २पी-झेडशी होते, आणि दोन आडव्या २पींना सममितीने जोडीदार नसल्याने त्या जशाच्या तशा अबंधक राहतात. खाली आलेली सिग्मा पातळी फ्लोरिनच्या पातळीच्या जवळ असल्याने तिच्यात फ्लोरिनचा वाटा मोठा, वरच्या सिग्मा-स्टारमध्ये हायड्रोजनचा. रेणू-ऑर्बिटल ज्या अणू-ऑर्बिटलच्या ऊर्जेजवळ असते त्याचाच रंग त्यावर अधिक चढतो. विषम अणूंच्या कोणत्याही आकृतीत याची गरज पडते.

आता कार्बन मोनॉक्साइड. नायट्रोजनइतकेच दहा संयुजा इलेक्ट्रॉन असल्याने पुष्कळ जण नायट्रोजनची आकृती किंचित तिरपी करून देतात. असे करू नका. पुन्हा आलेख-कागदावर या. डावीकडे कार्बन: उणे १९.४ आणि उणे १०.७. उजवीकडे ऑक्सिजन: उणे ३२.४ आणि उणे १५.९. नजर कशावर जाते? दोन २एस पातळ्यांत १३ इलेक्ट्रॉनव्होल्टचे अंतर आहे, दोन २पींमध्ये ५.२ चे, आणि कार्बनचे २एस ऑक्सिजनच्या २पीपासून केवळ ३.५ च्या अंतरावर आहे. ‘एस एसशी आणि पी पीशी’ ही सवय इथे मोडते. सर्वांत जवळची, आणि सममितीला मान्य असलेली, जोडी कार्बनच्या २एसची आणि ऑक्सिजनच्या २पी-झेडची आहे. म्हणून चारही सिग्मा ऑर्बिटल्स, म्हणजे दोन्ही २एस आणि दोन्ही २पी-झेड, एकत्रच घ्यावी लागतात आणि त्यांतून चार सिग्मा पातळ्या निघतात. आतल्या कवचाच्या दोन धरून त्यांना ३ सिग्मा ते ६ सिग्मा असे क्रमांक देतात.

खालून पाहत गेल्यास ३ सिग्मा ही मुख्यतः ऑक्सिजनच्या २एसची, बंधकारक पातळी आहे. ४ सिग्मा बरीचशी ऑक्सिजनवर, त्याच्या बाहेरच्या अंगाला झुकलेली. तिच्यावर १ पाय ही दुहेरी पातळी, ऑक्सिजनकडे झुकलेली पण चांगली बंधकारक. त्यावर ५ सिग्मा, बहुतांशी कार्बनच्या २एस आणि २पी-झेडची, कार्बनच्या पाठीमागे, ऑक्सिजनच्या उलट दिशेला फुगलेली. दहा इलेक्ट्रॉन इथपर्यंत संपतात. रिकाम्या पातळ्यांत सर्वांत खालची २ पाय, जी बंधविरोधी आहे आणि जिच्या पाकळ्या कार्बनवर मोठ्या आहेत, कारण तिची ऊर्जा कार्बनच्या २पीला जवळची आहे. फोटोइलेक्ट्रॉन वर्णपटात १४.०, १६.९ आणि १९.७ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास तीन पट्टे मिळतात आणि ते अनुक्रमे ५ सिग्मा, १ पाय आणि ४ सिग्मा यांचे आहेत. पहिला पट्टा जवळजवळ एकाच तीव्र रेषेचा आहे, दुसरा लांबलचक.

एवढ्या आकृतीतून अकार्बनी रसायनशास्त्राचे एक मोठे दालन उघडते. सर्वांत वरचे भरलेले आणि सर्वांत खालचे रिकामे, ही दोन्ही ऑर्बिटल्स कार्बनच्या टोकाशी मोठी आहेत, म्हणून निकेल टेट्राकार्बोनिलमध्ये असो वा हिमोग्लोबिनच्या लोहाशी असो, हा रेणू कार्बनच्या बाजूने जोडला जातो. धातूने आपले इलेक्ट्रॉन २ पायमध्ये परत दिले की कार्बन-ऑक्सिजन बंध सैलावतो आणि सुट्या रेणूची २१४३ ची कंपनसंख्या क्रोमियम हेक्झाकार्बोनिलमध्ये २००० च्या आसपास उतरते. ऑक्सिजन अधिक विद्युतऋण असूनही रेणूचा द्विध्रुव अगदी क्षीण, सुमारे ०.११ डिबाय, आणि त्याचे ऋण टोक कार्बनकडे, याचेही कारण ५ सिग्मातील ते मागे फुगलेले युग्मच.

आता तिसऱ्या प्रश्नाला हात घालता येतो. धन आयन बनताना इलेक्ट्रॉन ५ सिग्मामधून जातो, याबद्दल वाद नाही. ५ सिग्मा बंधकारक मानली तर बाँड ऑर्डर ३ वरून २.५ होते, आतल्या कवचासह एकूण १४ इलेक्ट्रॉनांना ३ आणि एक कमी-जास्त झाला की २.५, ही शिकवणी वर्गातली युक्तीही तेच सांगते. परंतु प्रयोग म्हणतो की बंधाची लांबी ११२.८ वरून १११.५ पिकोमीटरवर येते आणि कंपनसंख्या २१४३ वरून २१८४ वर जाते. बंध आखडला आणि ताठर झाला. हे पाहून काही पुस्तकांनी ५ सिग्माला बंधविरोधी ठरवून ३.५ हा आकडा दिला. दोन्ही बाजू एकच चूक करतात: पातळी या कप्प्यात की त्या कप्प्यात असा निकाल मागतात.

३.५ ची तपासणी उष्णतेच्या हिशेबाने करून पाहा. तो कोणालाही वहीत करता येतो. कार्बन मोनॉक्साइडची विघटन-ऊर्जा ११.०९ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे, कार्बन अणूची आयनीकरण ऊर्जा ११.२६ आणि रेणूची १४.०१. आयन फुटून कार्बनचा धन आयन आणि ऑक्सिजनचा अणू होतो, म्हणून त्याची विघटन-ऊर्जा ११.०९ + ११.२६ − १४.०१, म्हणजे ८.३४ इलेक्ट्रॉनव्होल्ट येते. लांबी कमी झाली, पण तोडण्याची किंमत एक-चतुर्थांश घटली. खरोखर बंधविरोधी इलेक्ट्रॉन गेला की काय होते, ते शेजारी ठेवून पाहा. ऑक्सिजनसाठी तोच हिशेब ५.१२ + १३.६२ − १२.०७, म्हणजे ६.६७, विघटन-ऊर्जा वाढते आणि लांबीही १२०.७ वरून १११.६ पिकोमीटरपर्यंत, तब्बल नऊ पिकोमीटरने, आखडते. कार्बन मोनॉक्साइडमधले १.३ पिकोमीटर त्यापुढे नगण्य आहे. त्यामुळे ३.५ टिकत नाही. दुसऱ्या बाजूला नायट्रोजनमध्ये खऱ्याखुऱ्या, दुबळ्या का होईना, बंधकारक पातळीतून इलेक्ट्रॉन गेला तेव्हा लांबी १०९.८ वरून १११.६ झाली होती. तसे इथे होत नाही, म्हणून २.५ सुद्धा शब्दशः घेता येत नाही.

मग लांबी कमी का होते? माझ्या मते सर्वांत समाधानकारक स्पष्टीकरण असे. ५ सिग्मा ही जवळजवळ अबंधक, कार्बनवरची पातळी आहे. तिच्यातून इलेक्ट्रॉन गेल्यावर कार्बनवर धनप्रभार येतो, त्याची ऑर्बिटल्स आखडतात आणि त्यांच्या ऊर्जा खाली, ऑक्सिजनच्या ऊर्जांच्या जवळ सरकतात. दोन अणूंच्या ऊर्जांमधले अंतर कमी झाले की देवाणघेवाण वाढते, हे आपण वर पाहिलेच आहे: आधी ऑक्सिजनकडे झुकलेले १ पायचे चार इलेक्ट्रॉन आता दोघांत अधिक समान वाटले जातात. गेलेल्या इलेक्ट्रॉनाचा स्वभाव जेवढा महत्त्वाचा, तेवढेच उरलेल्यांचे नव्याने बसणे महत्त्वाचे. आणि बाँड ऑर्डरच्या सूत्रात या दुसऱ्या गोष्टीला जागाच नाही.

परीक्षेत काय लिहावे, हा व्यावहारिक भाग उरतो. लांबीचा किंवा कंपनसंख्येचा क्रम विचारला असेल, तर निःशंकपणे आयनाची लांबी कमी आणि कंपनसंख्या अधिक असे लिहा. ते मोजलेले सत्य आहे. बाँड ऑर्डरचा आकडाच विचारला असेल आणि पर्यायांत २.५ व ३.५ दोन्ही असतील, तर नेहमीच्या मोजणीने, म्हणजे ५ सिग्मा बंधकारक धरून, येणारा २.५ निवडा. वर्णनात्मक उत्तरात मात्र आकड्यापुढे एक वाक्य जोडा: ५ सिग्मा ही कार्बनवरची जवळपास अबंधक पातळी असल्याने हा आकडा बंधाच्या लांबीचे भाकीत करू शकत नाही. उत्तरपत्रिका तपासताना मी हे वाक्य वाचले की पूर्ण गुण देतो, मग आकडा कोणताही असो. सरावासाठी नायट्रिक ऑक्साइड घ्या. नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या चार पातळ्या मापाने काढा, अकरावा इलेक्ट्रॉन कुठे जातो आणि त्याच्या पाकळ्या कोणत्या अणूवर मोठ्या आहेत ते ठरवा, आणि मग त्याची आयनीकरण ऊर्जा ९.२६ इलेक्ट्रॉनव्होल्ट इतकी कमी का, तसेच धन आयनात लांबी ११५ वरून १०६ पिकोमीटरवर का येते, ते स्वतःच्या आकृतीवरून सांगून पाहा.